मांडवातली मधपेटी

मित्रांनो, मी एक जुनी मधपेटी आहे. 'जुनी' हे मी स्वतःच सांगून टाकते, म्हणजे कुणी माझ्या उडालेल्या रंगाकडे आणि छपराच्या वाकड्या पत्र्याकडे बघून कुजबुजायला नको. वय आठ वर्षं. मुक्काम तलासरीच्या डोंगराळ भागातला एक पाडा, ठकीचं अंगण. माझ्या पोटात या क्षणी दहा-बारा हजार सातेरी जातीच्या मधमाश्यांची नुसती धांदल उडाली आहे, कारण समोरच्या ओहोळावर जांभळी फुलल्या आहेत. म्हणून मी जरा भरभर बोलेन, राग मानू नका. जांभळीच्या बहरात शांत बसणारी मधपेटी अजून जन्माला यायची आहे.

माझा जन्म आशागडला, चिमण मिस्त्रींच्या हातून झाला. मिस्त्री दारं, खाटा आणि देव्हारे करणारा माणूस. मधपेटी त्यांनी आधी कधी पाहिलीसुद्धा नव्हती. पण एका संस्थेने आमच्या बाजूच्या बायकांना माश्या पाळायला शिकवायचं ठरवलं आणि बारा पेट्यांचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी हेदाच्या सुक्या फळ्या घेतल्या, कागदावरचं माप तीन-तीनदा पाहिलं आणि मला घडवलं. खाली पिल्लांची खोली, वर मधाची खोली, आत पोळी बांधायला लाकडी चौकटी, पुढे जेमतेम बोट शिरेल एवढं दार. मी इतकी देखणी झाले की मिस्त्रींना राहवेना. त्यांनी मला आतून-बाहेरून चकचकीत वॉर्निश मारलं.

तिथेच घोळ झाला. ठकीने मला मोठ्या हौसेने घरी आणलं, माश्यांची एक वसाहत माझ्यात सोडली, आणि तिसऱ्या सकाळी माश्या राणीला घेऊन जे उडून गेल्या ते पुन्हा आल्याच नाहीत. वॉर्निशच्या वासात कोण संसार मांडणार! "एवढी नटवी पेटी, आन वास बघ मेलीचा," ठकी म्हणाली. मला फार लागलं ते. पुढची दोन वर्षं मी पडवीत पडून होते. सुक्या मिरच्या माझ्यात ठेवल्या गेल्या. एक कोंबडी एकवीस दिवस बसली आणि नऊ पिल्लं घेऊन उठली. वाईट काही नाही त्यात, पण मी काय त्यासाठी जन्मले होते?

मग एका हिवाळ्यात ठकीने मला उन्हात उलटं केलं आणि काचेच्या तुकड्याने आतून खरवडून खरवडून माझं लाकूड उघडं केलं. वरून मेण चोळलं. तिचा नवरा लडक्या रानातून एका उंबराच्या ढोलीतली वसाहत घेऊन आला. लडक्यासारखा मध काढणारा आमच्या पंचक्रोशीत नाही. उडती माशी नुसती बघून तो सांगतो, हिचं घर कुठल्या अंगाला आहे. त्याने ढोलीतली पोळी अलगद कापली, केळीच्या सोपाने माझ्या चौकटींना बांधली, आणि राणी आत गेली तशा बाकीच्याही मागोमाग आल्या. चौथ्या दिवशी सकाळी मी धास्तीने कान लावून बसले होते. आतून गुणगुण येत होती. त्या राहिल्या होत्या! त्या दिवशी मला पहिल्यांदा मी पेटी असल्यासारखं वाटलं.

आता माझी गंमत ऐका. मी कुठेच जात नाही. मी ज्या लाकडी घोडीवर बसते तिला चार पाय आहेत, पण तेही पाण्याने भरलेल्या वाट्यांत उभे, मुंग्या चढू नयेत म्हणून. असं असूनही या डोंगरातलं कुठलं झाड कधी फुललं ते सगळ्यांत आधी मला कळतं. फाल्गुनात माश्या शेवग्याचा आणि शिवणीचा वास अंगावर घेऊन येतात. मग करंज येतो, जरा उग्र. डहाणूकडे चिकूच्या वाड्यांत माझ्या काही बहिणी आहेत, त्यांना म्हणे सावलीत बसून बारा महिने पाहुणचार मिळतो. मिळू दे. आमच्या रानासारखा उन्हाळा त्यांनी पाहिलेला नाही. अंगाची लाही होत असते, पायवाटेवर पाय ठेववत नाही, गवताची काडीसुद्धा हिरवी उरत नाही, आणि झाडं मात्र अशी फुलतात की विचारू नका!

आणि या सगळ्यात जांभूळ ती जांभूळ. एके सकाळी एक थोरली माशी धापा टाकत दारात उतरते, पोट टम्म, आणि थेट पोळ्यावर जाऊन नाचायला लागते. शेपूट हलवत सरळ धावायचं, वळायचं, पुन्हा धावायचं. त्या नाचातच पत्ता असतो: उन्हाच्या या अंगाला, इतकं लांब, ओहोळाकाठी. बघणाऱ्या माश्या तिच्या अंगाचा वास घेतात आणि सुटतात! तासाभरात दहा नाचताहेत, दुपारी शंभर. माझ्या फळ्या थरथरायला लागतात. मला तर वाटतं मलाच नाचता आलं तर काय बहार होईल. एखादी शहाणी मध्येच लडक्याच्या ताडीच्या मडक्याकडे वळते आणि झिंगत परत येते. दारावरच्या पहारेकरणी तिला आत घेत नाहीत. मी मधे पडत नाही.

पण उन्हाळ्यात माश्या नुसता रस आणत नाहीत, पाणीही आणतात. ओहोळाच्या डबक्यावरून थेंब थेंब आणून पोळ्यांवर पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. त्यानेच माझ्या आत गारवा राहतो. पाणक्या माश्या आल्या नाहीत तर चैत्राच्या दुपारी मेण मऊ पडतं, भरलेली पोळी आपल्याच वजनाने खाली बसतात, आणि राणी, पिल्लं, सगळं त्याखाली. हे एवढं ध्यानात ठेवा, कारण मागच्या चैत्रात माझ्यावर तीच पाळी आली होती.

ठकीच्या मुलाचं, दिपकचं लग्न होतं, आमच्याच अंगणात. आमच्याकडे लग्नाचा मांडव म्हणजे आधी मेढ, मांडवाचा मानाचा खांब. ती पुरल्यावर कार्य उरकेपर्यंत कुणी हलवायची नाही. आमच्या घरची रीत अशी की घरच्या कर्त्याने उंबऱ्यापासून उगवतीकडे सात पावलं टाकायची आणि सातवं पाऊल पडेल तिथे मेढ पुरायची. ठकी हुशार. तिने आदल्या दिवशीच स्वतःच्या पावलांनी मोजून पाहिलं होतं. मेढ माझ्या बरीच अलीकडे येत होती. म्हणून ती निर्धास्त होऊन सकाळच्या जीपने चारोटीला राहिलेल्या बांगड्या आणायला गेली. पण घरचा कर्ता लडक्या. तो ताडासारखा उंच, टांगा ही एवढ्या लांब. त्याचं सातवं पाऊल बरोबर माझ्या घोडीवर आलं.

झालं! रीत ती रीत. लडक्याने मला उचललं. अगदी जपून हो, तान्ह्या पोराला उचलावं तसं. घरामागे पन्नास पावलांवर आंबा आहे, त्याच्या गार सावलीत त्याने मला नेलं. बसल्या जागी चांगलं दिसावं म्हणून माझं दार रानाकडे केलं. मग दिपकच्या हळदीतली चार बोटं माझ्याही छपराला लावली. "बस हितं गपगार," तो म्हणाला. "लग्नात तुला कुनाचा धक्का नको." मला गहिवरून आलं. मला तरी कुठे ठाऊक होतं काय होणार आहे ते! त्या बिचाऱ्याला आयुष्यभर रानातली पोळी शोधायची सवय. रानातलं पोळं तिथल्या तिथे कापतात. उचलून दुसरीकडे कुणी ठेवत नाही.

सकाळचे नऊ वाजले होते. माझ्या निम्म्याहून जास्त माश्या जांभळींवर गेलेल्या.

साडेनऊला कुणी आलं नाही. दहा वाजले, दारात एकही नाही. आत कोवळ्या माश्या पिल्लांना भरवत होत्या, त्याही बावरल्या. एखादं पोळं भरायचं राहिलं असतं तर मी काही म्हटलं नसतं, पण माझं दार इतकं मोकळं मी कधी पाहिलं नव्हतं. आणि घराच्या पुढच्या अंगाने आवाज यायला लागला. तो आवाज मी हजारात ओळखते. माझ्याच माश्या होत्या त्या! घर शोधत होत्या, आणि मी पन्नास पावलांवर बसून त्यांना हाकसुद्धा मारू शकत नव्हते.

पुढे काय झालं ते मी नंतर ऐकलं. लग्नघरात ते चाळीस वेळा तरी सांगितलं गेलं. माश्या जांभळीवरून सरळ आल्या त्या आपल्या रोजच्या जागी. तिथे पेटी नाही, मेढ! त्या मेढीवरच बसल्या. हजारोंनी. बघता बघता मेढीला कमरेपासून वर दाढी फुटली. त्यात भर म्हणजे मांडव शाकारायला पोरांनी जांभळीचेच डहाळे आणले होते, फुलांनी लगडलेले. काही माश्या त्यांच्यावर भिरभिरायला लागल्या. घर गेलं पण रान चालत आलं, असंच त्यांना वाटलं असणार. पाहुणे ओरडत ओसरीवर पळाले. चारोटीहून आलेल्या डीजेवाल्याने टेम्पोची काच वर केली आणि आतूनच मोबाईलवर चित्रण करायला लागला. घरात भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहीत बसलेल्या सवाशिणींनी दार लावून घेतलं.

लडक्याचा धाकटा भाऊ तुक्या तापट. "बघताव काय? पेंढ्याची चूड पेटवा," तो म्हणाला. "धूर न् जाळ दिला का दोन मिंटात साफ."

"जाळशील तर खबरदार," लडक्या म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. आपलं काय चुकलं तेच त्याला उमगत नव्हतं.

अंगभर हळद लावून बसलेल्या दिपकने आईला फोन लावला. "आये, असशील तिथून ये. मेढीवर सगळ्या माश्या बसल्यात."

अकरा वाजले. ऊन माझ्या पत्र्यावर आलं, आंब्याची सावली सरकून गेली होती. आतलं शेवटचं पाणी आटलं. कोवळ्या माश्या ओळीने उभ्या राहून जिवाच्या आकांताने पंख हलवत होत्या. ज्यांनी अजून उंबरा ओलांडला नव्हता अशा पोरी त्या! काठावरचं पोळं, जांभळीच्या मधाने जड झालेलं, चौकटीवरून बोटभर खाली सरकलं. मला ते जाणवलं. मित्रांनो, मी घाबरले. खरंच घाबरले.

आणि तेवढ्यात ठकीचा आवाज आला. काय आवाज! डीजे काय वाजेल तिच्यापुढे.

"पेटी कुनी हलवली?"

"मी," लडक्या म्हणाला. "सावलीत नेली गं. पन्नास पावलांवर तर हाय."

"पन्नास पावलं! आरं, रातीला सगळ्या आत असताना पन्नास कोस नेली असतीस तरी चाललं असतं. लांब नेली का मुलूख नवा दिसतो, मग त्या नवी वाट शिकतात. जवळ हलवली का वळखीच्या झाडावरून सरळ जुन्या जागंवर येतात. तू सांजेला शेतावरून कुठं येतंस? याच दारात ना? मागं कुनी तुझं घर नेऊन ठेवलं तर तुला काय सपान पडंल?"

 तुक्या चूड हातात धरूनच होता. "वैनी, नवरीकडची मानसं निघालीत आशागडवरून. कुनाला चावल्या तर लगीन मोडंल. मग माश्या पाहिजेत का सून?"

 नवरीचे वडील माश्यांना फार भितात, हे ठकीला ठाऊक होतं. तिकडे मेढीवर तिच्या माश्या, इकडे उन्हात तापलेली मी, आणि रस्त्यावर निघालेलं वऱ्हाड. मेढ उपटायची नाही, आणि मेढ आहे तिथे पेटी ठेवायची तर भर मांडवात. ती घामाघूम होऊन मेढीकडे बघत उभी राहिली.

धोंडीबाय आमची धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी आणि लग्नाची गाणी म्हणणारी म्हातारी. सगळे पळाले तरी ती मांडवाच्या कडेला घोंगडीवर बसूनच होती. तिने गाणं संपवलं, मगच तोंड उघडलं.

"मेढ हलायची नाय," ती म्हणाली. "पन मेढीच्या पायाशी काय बसवायचं, ते तुक्या सांगत नाय, धवलेरी सांगते. पेटी बसवा."

"आन पावने?" तुक्याने विचारलं.

"पावने येनार ते मानसं हायत. त्यांना सांगता येतं. या बायांना कोन सांगनार?"

ठकीने पुढचं काही ऐकलंच नाही. तिने डोक्यावरचा पदर कमरेला खोचला आणि घरामागे धावली. लडक्या तिच्या मागे. त्याने खांद्यावरचा टॉवेल हंड्यात बुडवून माझ्यावर टाकला. अहाहा! मग दोघांनी मला दोन बाजूंनी धरलं आणि निघाले. हळू, अगदी हळू, कारण ते सरकलेलं पोळं एका धक्क्याने खाली आलं असतं. पन्नास पावलं मी मोजली. ठकी दर दोन पावलांना म्हणत होती, "हळू रे, हळू." मेढीला टेकून घोडी उभी केली, तीच उंची, दार उगवतीला, आणि मला वर ठेवलं.

एक माशी मेढीवरून सुटली. दारावर उतरली. तिने आत डोकं घातलं, बाहेर काढलं, पुन्हा घातलं. मग दारातच उभी राहून शेपूट वर करून पंख असे काही हलवायला लागली की घरचा वास अंगणभर पसरला. घर सापडलं! दुसरी तिच्याशेजारी उभी राहिली, तिसरी, दहावी. आणि मग मेढीवरून माझी वरात निघाली. थव्यांनी, एकमेकींच्या पाठीवरून, दाराशी रेटारेटी करत, दोन तास पोटात धरलेला रस घेऊन माझ्या माश्या आत आल्या! पाणक्या माश्या तर उतरल्या उतरल्या ओहोळाकडे सुटल्या आणि पाणी घेऊन आल्या. गारवा आला. पोळं तिथेच थांबलं. मी एवढी हरखले की फळ्या करकरल्या. ठकी हसता हसता डोळे पुसायला लागली.

तेवढ्यात वऱ्हाड आलं. नवरीचे वडील मांडवाच्या कडेलाच थबकले. मेढीच्या पायाशी मधपेटी, दारात माश्यांची ये-जा. "आमी आत येनार नाय," ते म्हणाले.  ठकी हात जोडून पुढे झाली.

पिवळ्या लुगड्यातली नवरी, प्रगती, वडिलांच्या मागून पुढे आली. तिने मला नीट न्याहाळलं. "दादा, चिकूच्या वाडीत तोडायला जाते तिथं असल्या वीस हायत," ती वडिलांना म्हणाली. "दाराम्होरं उभं नाय ऱ्हायाचं, बस. त्यांची वाट मोकळी ठेवायची." आणि तिने स्वतःच बसलेल्या बायकांना इकडे-तिकडे सरकवून माझ्या दारासमोरून मांडवाबाहेरपर्यंत हातभर रुंद पट्टा मोकळा केला. मग माझ्या बगलेला, मेढीजवळ जाऊन खुशाल बसली. वडील काय करतात! आले.

लग्न लागलं. मोकळ्या पट्ट्यावरून माझ्या माश्या जांभळीवर जात होत्या, येत होत्या, आणि दोन्ही बाजूंनी पाहुणे बसून बघत होते. डीजे ओहोळापलीकडे पाठवला. दिवसभरात डंख एकच बसला, तुक्याच्या कानाला. त्याने चूड टाकली नव्हती म्हणून असेल, मला माहीत नाही.

दहा दिवसांनी ठकीने वरच्या खोलीतला मध काढला. काळसर, किंचित तुरट, जांभळीचा. खालच्या खोलीतल्या मधाला तिने हात लावला नाही, तो माश्यांचा. लडक्याने बोटभर मध चाखला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "आता नाय हलवनार," एवढंच म्हणाला. मांडव उतरला, मेढ निघाली, मी आहे तिथेच आहे.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. घरं बांधाल, रस्ते आखाल, अंगणं मोजाल. तुमची पावलं लांब असतील आणि तुमची रीतही तुम्हाला बरोबरच वाटेल. मन चांगलं असलं तरी चूक होते, हे मी लडक्याच्या हातात बसून शिकले. म्हणून एकच मागणं आहे. कुणाचंही घर हलवायच्या आधी दाराशी जरा थांबा, आणि त्या घरातलं कोण अजून बाहेर आहे ते विचारा.